वरच्या मजल्यावरची पावलं

१२ जून

ताई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही तुमच्या मनाचं ऐकता, म्हणून हे पत्र.

तुमची धाकटी बहीण दवाखान्यातून घरी आली. डाव्या खुब्यात सळई घातली आहे आणि दोन स्क्रू. मी डॉक्टरांकडून फोटो मागून घेतला. काम स्वच्छ आहे, आटे सरळ बसलेत. बायकोच्या हाडाच्या फोटोत आटे तपासणारा नवरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पडदा काढायला स्टुलावर चढली आणि तोल गेला. स्टूल मी केलेलं, त्याला काही झालं नाही. हे मी तिच्यासमोर बोललो आणि चार दिवस अबोला पदरात पाडून घेतला.

डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल, ती जबाबदारी माझी. पाय चालता करणं तुमच्याकडे. एकाहत्तराव्या वर्षी आठ दिवस पडून राहिलं तरी मांडी वितळायला लागते. पहिल्या तीन महिन्यांत ताकद आली तर आली." त्यातला एक महिना गेलाच. आठ ऑगस्टला बोलावलंय. काठी की चाकाची खुर्ची, ते त्या दिवशी ठरेल. ते बोलत होते तेव्हा ही भिंतीकडे बघत होती. तिला तुमच्या आईंचं खुब्याचं दुखणं आठवलं असणार. मी विषय काढला नाही.

पण काळजी करू नका. माणूस कारखानदार आहे. खुर्ची सहा इंच उंच केली. भिंतींना पाइपचे कठडे बसवले. पलंगाशी बटण दिलंय, दाबलं की खाली माझ्या कामाच्या टेबलावर लाल दिवा लागतो. खिडकीतून कप्पी सोडलीय: चहा, औषध, पेपर, सगळं टोपलीतून वर. तिला जागचं हलावं लागू नये अशी चोख व्यवस्था आहे.

चालण्याचं म्हणाल, तर वॉकर सुटून काठी आली. तुम्हाला माहीत आहे, वरची जमीन फळ्यांची आणि माझं टेबल बरोबर तिच्याखाली. पंपाची मोटर कुठे दुखतेय ते मी न उघडता आवाजावरून सांगतो. त्यावर तर हा कारखाना उभा राहिला. तेव्हा बायकोची पावलं मोजणं काय अवघड? काठी, आजारी पाय, चांगला पाय. ठक्, धप्, धप्. आज साठ झाली.

तुमचा मेहुणा

•

१८ जून

कारखानदार,

पत्र मिळालं. कप्पी काढा.

तुम्ही माझ्या बहिणीला माल समजलात की काय, जागेवर पोच? लाल दिवाही काढा. चहा हवा असेल तर तिने उठून करावा, आणि तुम्हालाही द्यावा. तुम्हाला वाईट वाटेल, पण चौतीस वर्षं मुलींना कवायत शिकवली, गोड बोलून एकीचाही गुडघा वर आला नाही.

आईचा विषय तुम्ही काढला नाहीत, मी काढते. आईला आम्ही अकरा महिने पलंगावर ठेवलं. सगळ्यांनी जीव लावून केलं. कुशीवर वळवलं, चमच्याने भरवलं. उभं मात्र कोणी केलं नाही, कारण उभं केलं की तिला दुखायचं आणि ते आम्हाला बघवायचं नाही. खुब्याने नाही गेली ती. आमच्या मायेने गेली.

आता ऐका. खुर्चीतून हात न लावता उठायचं आणि बसायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. उंच केलेली खुर्ची दर आठवड्याला इंचभर खाली आणा. मांडी चालून नंतर सुधारते, आधी उठून सुधारते. आणि तिला म्हणावं, मला दोन ओळी लिही. पाय मोडलाय, हात नाही.

ताई

•

३० जून

ताई,

कप्पी काढली. दिवा ठेवलाय. सगळंच तुमचं ऐकलं तर घरात मी कशाला?

मात्र तुमची शंका फोल ठरली हे कळवायला आनंद होतो. साठावरून गाडी एकशेवीसवर गेली, मग दोनशे, आणि काल तीनशे. रोज साडेदहाला सुरू करते. मी लेथ बंद ठेवतो आणि ऐकतो. सुरुवातीला अडखळायची. आता काय चाल आहे! एकसारखी, तेल घातलेल्या यंत्रासारखी. मी खडूने टेबलावर रेघा मारतो. कामगार हसतात, हसू देत. "शेठ, वहिनी आज शर्यतीत उतरणार बहुतेक," म्हणतात.

मी वर जाऊन बघत नाही, कारण तिनेच सांगितलंय. "तुम्ही समोर आलात की माझा पाय गडबडतो. तुम्ही खालून ऐका." बरोबरच आहे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलं की माझाही हात हलतो.

पायाचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओबाई मधे पंधरा दिवस तापाने आल्या नाहीत. परवा आल्या, टेप लावून मांडी मोजली आणि म्हणाल्या, "घेर कमी झालाय, आजोबा. चालतात ना नक्की?" मी म्हटलं, बाई, तुमची टेप कापडी आहे, ताणते. माझ्याकडची पोलादी आणून देऊ का? तरुण आहेत, पुस्तकातून शिकलेल्या. तीनशे पावलं चालणाऱ्या बाईचा पाय बारीक कसा होईल?

ती दोन ओळी लिहीन म्हणाली. नंतर म्हणाली, आज थकले.

तुमचा मेहुणा

•

६ जुलै

कारखानदार,

एका प्रश्नाचं उत्तर द्या. ती वळते तेव्हा कसा आवाज येतो?

तुमची वरची खोली माझ्या पावलांनी आठ-नऊ पावलांची. आजारी माणसाची फार तर पंधरा. तीनशे चालायची तर तिला वीस वेळा वळायला हवं. काठीवरचं माणूस झटक्यात वळत नाही. थांबतं, काठी फिरवतं, चार-पाच बारीक पावलं टाकतं, पुन्हा थांबतं. मुलींची रांग सरळ जाताना कधी बिघडत नसे. "मागे वळ" म्हटलं की बिघडे. तुम्ही ठक् लिहिलंत, धप् लिहिलंत. वळण कुठेच लिहिलं नाहीत.

आणि दुखरा पाय एकसारखा पडत नाही, हो. यंत्र एकसारखं चालतं. माणूस बरं होताना वेडंवाकडं चालतं.

उद्या साडेदहाला चपला काढून वर जा. दारातून बघा. आवाज करू नका, आणि काहीही दिसलं तरी ओरडू नका. उलट टपाली कळवा.

ताई

•

११ जुलै

ताई,

गेलो होतो.

सोळा पायऱ्या अनवाणी चढलो. कधी नव्हे ते मला माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकू आला. वर ठक्, धप्, धप् चालू होतं, त्यामुळे तिला कळलं नाही.

ती खुर्चीत बसली होती. मी उंच करून दिलेल्या खुर्चीत. उजव्या हातात काठी, पायात चपला. काठी आपटायची, मग एक टाच, मग दुसरी. ओठ हलत होते, मोजत होती. चेहरा असा की परीक्षेचा पेपर लिहितेय आणि वेळ संपत आलाय. कपाळावर घाम होता, ताई. बसून घाम.

मी तसाच खाली आलो. टेबलावरच्या रेघा पुसल्या. मग पुन्हा मारल्या, नाही तर कामगारांनी विचारलं असतं.

चार वाजता चहाला वर गेलो. ती म्हणाली, "आज सव्वातीनशे. ऐकलंत ना?" मी म्हटलं, "वा!" अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं खोटं "वा" मी काढलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपात बघत बसली.

माझ्या कानाची मी फुशारकी मारतो. खरं सांगू? सगळा आवाज एकाच फळीतून येत होता. हे कानाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असणार. पण मला तीनशे हवी होती. गिऱ्हाईकाला हवं तेच सांगणारा मिस्त्री मी कधी कामावर ठेवला नाही, आणि इथे मीच तसा निघालो.

अठ्ठावीस दिवस उरलेत. तिला विचारलं, तर मी चोरून पाहिलं हे कळेल. नाही विचारलं, तर ती खुर्चीतच राहील. काय करू? लवकर लिहा.

तुमचा मेहुणा

•

१५ जुलै

धाकटे,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, कारखानदारांसाठी नाही. त्यांनी उघडलं असेल तर त्यांनी इथेच थांबावं.

तुझे यजमान दहा तारखेच्या सुमाराला अनवाणी वर आले होते. मी पाठवलं. त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. घाबरलेत.

मी तुला का म्हणून विचारणार नाही. एवढंच विचारते: पुन्हा कधी पडलीस?

तू सांगायच्या आधी माझं सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या लेकीलाही नाही. मागच्या थंडीत मी स्वयंपाकघरात पडले. काही मोडलं नाही. पण उठता येईना. चौतीस वर्षं "सावधान" म्हणणारी बाई फरशीवर तीन तास पालथी. ओट्याखाली काय काय साठलंय ते सगळं पाहून झालं. शेवटी दूधवाल्याने खिडकीतून पाहिलं. त्यानंतर दोन महिने मी भिंत धरून चालत होते आणि सगळ्यांना सांगत होते की सांधे धरलेत.

मग मला कळलं की मला पडायची भीती नाही. पडून तिथेच राहायची आहे. म्हणून मी उठायला शिकले. शहात्तराव्या वर्षी. गादी घालायची, मुद्दाम खाली उतरायचं आणि उठायचं. कुशीवर वळ. कोपरावर ये. मग दोन्ही गुडघे, दोन्ही तळवे, जनावरासारखं. खुर्चीपर्यंत रांग. बैठकीवर हात टेक. चांगला पाय पुढे, त्याच्यावर जोर, वर. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. आता मी दात घासायला जितका वेळ लावते तितका लागतो. आधी तुमच्या फिजिओबाईंना विचार, त्यांच्यासमोर कर. हाडाला चालेल का ते त्या सांगतील.

आईसारखं होईल असं तुला वाटतंय. मला माहीत आहे, कारण मलाही तेच वाटत होतं. आईला कोणी उठायला शिकवलं नाही. तुला मी शिकवते.

लिही. खोटं लिहिलंस तर मला कळतं.

ताई

•

२१ जुलै

ताई,

सोळा जूनला. न्हाणीघरात.

ते खाली लेथवर होते. मी हाक मारली, लेथच्या आवाजात गेली. त्यांचे ते प्रसिद्ध कान! लाल दिव्याचं बटण पलंगाशी, मी न्हाणीघरात. कठडा धरून कशी उठले ते आठवत नाही. किती वेळ गेला तेही नाही. उठले, कपडे बदलले आणि खुर्चीत बसले. त्यांनी खालून ओरडून विचारलं, "आज चाल नाही का गं?" मी काठी आपटली. तिथून सुरुवात झाली.

सांगितलं का नाही? कारण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत न्हाणीघरातही कप्पी बसली असती. तू हसशील. पण या घरातली प्रत्येक नवी वस्तू मला सांगते की तू उठू नकोस. आणि ते इतक्या प्रेमाने करतात की नको म्हणायला तोंड उघडत नाही. रोज खालून "शाब्बास!" असं ओरडायचे. मला दर वेळी वाटायचं, उद्या खरंच चालीन. आणि दुसऱ्या दिवशी उभी राहिले की फळी पायाखालून सरकायची. तशी वाटायची.

तुझं पत्र वाचून मी त्यांना वर बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "मला 'शाब्बास' परत घ्यायचाय. पुढच्या वेळी खऱ्याला देईन."

दुसऱ्या दिवशी फिजिओबाई आल्या. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हाड पुरेसं जुळलंय, मी असताना करू. तुमच्या ताई कुठल्या कॉलेजात शिकल्या?" गादी घातली. मला उतरायचं होतं, पण हातातली काठी सुटेना. घाम. हे म्हणाले, "थांब. आधी मी दाखवतो, त्यात काय आहे!" आणि ऐटीत खाली बसले, आडवे झाले.

आणि उठता येईना!

ताई, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, रोज बारा तास उभं राहून काम करणारा. एकदा डावीकडे वळले, एकदा उजवीकडे. "जरा वंगण कमी पडतंय," म्हणाले. मग पलंगाचा पाय धरला तर बाईंनी हात सोडवला. "हातांनी ओढायचं नाही, आजोबा." तांबडेलाल झाले. मी हसायला लागले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले. हसता हसता मीच काठी ठेवली आणि त्यांच्या शेजारी गादीवर उतरले, आणि बाई सांगत होत्या तशी कुशीवर वळले.

मला सव्वीस मिनिटं लागली. त्यांना एकवीस. ते म्हणतात, पहिल्यांदा म्हणून.

भीती गेली नाही. रात्रंदिवस उशाशी बसलेली असते. पण अठरा दिवस आहेत.

धाकटी

•

९ ऑगस्ट

ताई,

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो.

त्याआधीचे अठरा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. लेथवर बोट गेलं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. फिजिओबाईंनी मला सांगितलं होतं: तोल गेला तरी धरायचं नाही, पूर्ण जात असेल तरच. तुम्हाला माहीत आहे का, माणूस पूर्ण जाणार की नुसता डुलणार हे ठरवायला किती वेळ मिळतो? मिळतच नाही. ती पंधरा पावलं जायची, वळायला थांबायची. काठी हवेत. चार बारीक पावलं. आणि मी दोन्ही हात मागे बांधून उभा, नखं तळव्यात रुतलेली. एकदा ती खरंच झुकली. माझा हात पुढे गेला, तशी ओरडली, "मागे!" तुमचाच आवाज. मी मागे झालो. तिने स्वतःला सावरलं. मग आम्ही दोघंही खाली बसलो.

डॉक्टरांच्या खोलीत साधी खुर्ची होती, बुटकी. म्हणाले, "हात छातीवर. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते बघू." घड्याळ लावलं. मी मोजत नव्हतो, मोजण्यावरचा माझा विश्वास उडालाय. पाचव्या उठबशीला ती थांबली. डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी पेन उचललं. तेवढ्यात सहावी झाली. मग सातवी, आणि आठवी अर्धी. घड्याळ वाजलं तेव्हा ती ना उभी होती ना बसलेली.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाला दहा हव्यात. पण जूनमध्ये एकही नव्हती. खुर्ची लिहून देत नाही. काठी ठेवा, आणि हे थांबवू नका. दोन महिन्यांनी पुन्हा या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही करून बघता का?" मी म्हटलं, मी सोबत आलोय. पण केलं. अकरा. ती म्हणाली, माझ्या दोन तुम्ही चोरल्यात.

तेव्हा झालंय ते एवढंच. जिंकलो असं म्हणता येत नाही. दार बंद झालेलं नाही, इतकंच. आणि ती घरात एकटी असली की माझा जीव टांगणीला असतो, तो आहेच. पण मंगळवारी एका गिऱ्हाइकाकडे मोठा पंप बसवायला जावंच लागणार. दिवसभर. ती म्हणते, जा. तुम्ही काय म्हणता?

तुमचा मेहुणा

•

१३ ऑगस्ट

कारखानदार,

जा.

ताई

•

२० ऑगस्ट

ताई,

काल पडले.

तुझं पत्र यायच्या आधीच मंगळवार होऊन गेला होता. त्यांनी काम आठवडाभर पुढे ढकललं आणि काल गेले. अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होते. उंबऱ्यावर काठी सुटली. मी डाव्या कुशीवर आले. त्याच बाजूला. आवाज झाला तो ऐकून मला वाटलं, हाड गेलं.

हलले नाही. पाणी माझ्याखालून वाहत गेलं. खाली कारखाना बंद, कामगारही त्यांच्याबरोबर गेलेले. ते संध्याकाळी येणार होते. मी छताकडे बघत होते आणि मला आई दिसत होती. खोटं नाही सांगत. आईचा पलंग, आईचा चमचा. मला वाटलं, आता असंच. सात तास असंच, आणि मग पुढेही असंच.

मग पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. घोटा हलला. गुडघा दुमडला. दुखत होतं, पण मोडल्यासारखं दुखत नव्हतं. ते दुखणं मला आता ओळखता येतं. मोठ्याने म्हटलं, "कुशीवर वळ." रिकाम्या घरात. वळले. "कोपरावर." कोपर ओल्या फळीवरून घसरला, हनुवटी आपटली. पुन्हा. गुडघे. तळवे. जवळची खुर्ची पाच हातांवर होती, रांगत गेले. जोर दिला तर खुर्चीच मागे सरकली आणि मी परत खाली. तेव्हा रडले. मग ती खुर्ची ढकलत ढकलत भिंतीला नेऊन लावली. चांगला पाय पुढे. जोर. वर.

घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस.

पाणी पुसलं नाही. मुद्दाम. ते आले, उंबऱ्यावर थांबले, ओल्या फळ्या पाहिल्या, माझी हनुवटी पाहिली. त्यांनी विचारायच्या आत मी म्हटलं, "पडले. उठले." चेहरा पांढरा झाला. हात खिशातल्या मोजपट्टीकडे गेला. मी बघत राहिले. त्यांनी ती बाहेर काढली, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि मग पट्टी कपाटावर ठेवून दिली. "एकटीने?" म्हणाले. "एकटीने." मग तिथेच जमिनीवर बसले, ओल्यात, आणि म्हणाले, "सगळं सांग. कुठली बाजू आधी, ते सांग." मी सांगत होते आणि ते ऐकत होते.

आज सकाळी फिजिओबाईंनी तपासलं, फोटोही काढून आणला. सळई जागच्या जागी आहे. हनुवटी निळी आहे.

हे पत्र मीच टाकणार आहे. पेटी कोपऱ्यावर आहे. सोळा पायऱ्या आणि मग रस्ता. मे महिन्यापासून डॉक्टरांकडे आणि फोटोला गेले ती उचलून, गाडीतून; रस्त्यावर स्वतःच्या पायांनी चाललेले नाही. ते म्हणाले, "मी येऊ का?" म्हटलं, या, पण पुढे चालू नका आणि बोलू नका. पाय आत्ताच थरथरतायत, टेबल हलतंय, अक्षर बघ कसं आलंय.

तुझ्या हातात हे पत्र पडलं, तर समज मी पोहोचले.

धाकटी